शेंदेलोणाच्या डोंगरातील पाल आणि तिचे काचेचे घर

१/
एकादशीच्या दिवशी आपल्या घरांत जे शेंदेलोण वापरले जाते, ते पिढ्यान्‌पिढ्या झेलम आणि सिंधू या नद्यांच्या मधल्या एका डोंगररांगेतून येत आले. सिंधूवरून आले म्हणून ते सैंधव. इंग्रजांनी नकाशावर या रांगेला ‘सॉल्ट रेंज’ असे नाव लिहिले; खेवड्याची प्रसिद्ध खाण हिच्याच पोटात आहे. १७५८ मध्ये मराठी फौजा ज्या अटकेपर्यंत पोहोचल्या, त्या अटकेच्या दक्षिणेस हे डोंगर आहेत. आजचा धागा मात्र मिठाचा नाही आणि फौजांचाही नाही. या डोंगरांतील दगडांखाली राहणाऱ्या एका वीतभर पालीचा आहे.

२/
ही पाल म्हणजे लेपर्ड गेको. पिवळट अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके, जाड शेपटी आणि चेहऱ्यावर कायमचे मंद हसू. आज जगभरातील लाखो घरांत ती काचपेटीत राहते. तिच्यासाठी खास दिवे, खास माती, खास पूड विकली जाते. “लेपर्ड गेको कसा पाळावा” याची उत्तरे शेकड्यांनी सापडतात. पण या उत्तरांतील प्रत्येक ओळीला एक इतिहास आहे, आणि त्यातील बऱ्याच ओळी कोणत्या तरी पेटीत मेलेल्या पालींनी लिहून घेतल्या आहेत. पेटी मांडता मांडता तो इतिहास पाहू.

३/
आरंभ कलकत्त्यात. १८४१ साली एडवर्ड ब्लिथ नावाचा इंग्रज एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक म्हणून तेथे आला. पगार तुटपुंजा आणि काम डोंगराएवढे. हिंदुस्थानभरातून अधिकारी, डॉक्टर, भूगर्भतज्ज्ञ त्याच्याकडे पक्षी, साप, पाली पाठवीत आणि तो त्यांना नावे देई. याच ब्लिथशी चार्ल्स डार्विनचा दीर्घ पत्रव्यवहार होता. १८५४ मध्ये सॉल्ट रेंजमधून आलेल्या या ठिपकेदार पालीचे त्याने शास्त्रीय वर्णन केले आणि तिला ‘मॅक्युलेरियस’, म्हणजे ठिपक्यांची, असे नाव दिले.

४/
आज तिचे पूर्ण नाव ‘युब्लेफॅरिस मॅक्युलेरियस’. यातील ‘युब्लेफॅरिस’ ही प्रजाती जॉन एडवर्ड ग्रे याने १८२७ मध्येच स्थापिली होती. ग्रीक भाषेत ‘ब्लेफॅरॉन’ म्हणजे पापणी आणि ‘यु’ म्हणजे चांगली, खरी. आपल्या भिंतीवरच्या पालीला पापणी नसते. ती जिभेने डोळा पुसते. हिला हलणाऱ्या पापण्या आहेत, ही डोळे मिटून झोपते. भिंतीवरच्या पालीच्या बोटांना चिकटणाऱ्या पट्ट्या असतात. हिच्या बोटांना नुसती नखे. म्हणून ही काचेवर चढू शकत नाही. नावातच घराचा पहिला नियम दडलेला आहे: हे घर उंच नको, लांब-रुंद हवे. ही जमिनीवरची रहिवासी आहे.

५/
ब्लिथच्या टेबलावर पाल पोहोचली ती मद्यार्कात बुडविलेली. पुढे जवळजवळ शंभर वर्षे विज्ञानाला तिची ओळख अशीच राहिली. बूलँजे याने १८८३ मध्ये पापणीवाल्या पालींचे स्वतंत्र कुळ मानले. १८९० मध्ये त्याचा आणि १९३५ मध्ये माल्कम स्मिथचा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’तील खंड आला. खवले मोजले गेले, शेपटीची लांबी मोजली गेली. ती ज्या दगडाखाली सापडली त्या दगडाखाली दुपारी किती उष्णता असते, बिळात किती ओलावा असतो, हे कोणी मोजले नाही. त्या काळी तसे मोजण्याची पद्धतच नव्हती, त्यामुळे दोष देण्यात अर्थ नाही. पण उणीव तेथून सुरू होते: प्राणी नोंदीत आला, त्याची जमीन आली नाही.

६/
आता थोडे काचेच्या घराकडे. जगातील पहिले सर्पगृह लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये उघडले. (तीनच वर्षांत तेथील एक रखवालदार नागाशी खेळ करता करता दंशाने मेला, तो आदल्या रात्रीच्या दारूच्या अमलाखाली होता असे सांगतात.) त्या काळची समजूत सोपी होती: सरपटणारे प्राणी उष्ण देशांतले, म्हणून सगळी खोली सारखी तापवावी. सगळीकडे सारखीच ऊब म्हणजे प्राण्याला निवडीची सोय नाही. आपल्याला वैशाखात पंख्याखाली बसायचे की ओसरीवर, हे ठरविता येते. पेटीतल्या प्राण्याला येत नसे.

७/
हे बदलले ते एका विलक्षण स्त्रीने. जोन प्रॉक्टर, जन्म १८९७. प्रकृती आयुष्यभर नाजूक. पापणीवाल्या पालींचे कुळ मानणाऱ्या त्याच बूलँजेच्या हाताखाली ती ब्रिटिश म्युझियममध्ये शिकली आणि १९२३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांची अभिरक्षक झाली. १९२७ मध्ये उघडलेले नवे सर्पगृह तिच्या आराखड्यावर उभे राहिले. त्यात विजेच्या साहाय्याने पिंजऱ्यातील ठराविक जागाच तापत, बाकीच्या थंड राहत. खिडक्यांना खास काच होती, जिच्यातून सूर्याचे अतिनील किरण आत येत. १९३१ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ती गेली. आज आपल्या पेटीत एक बाजू उबदार आणि एक बाजू गार ठेवताना आपण तिचीच कल्पना छोट्या प्रमाणावर राबवीत असतो. तिचे नाव मात्र पाळणाऱ्यांच्या पुस्तकांत क्वचितच दिसते.

८/
प्रॉक्टरने जे अनुभवाने ओळखले, त्याला मोजमापाचा आधार १९४४ मध्ये मिळाला. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोघांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सरड्यांची आणि सापांची शरीरे किती अंशांवर काम करतात हे तपासले. त्यांना दिसले की हे प्राणी ऊन-सावलीत ये-जा करून आपल्या शरीराचे तापमान बऱ्यापैकी नेमके राखतात. ‘थंड रक्ताचा प्राणी’ हा शब्दप्रयोग त्या दिवसापासून लंगडा झाला. रक्त थंड नसते; चूल बाहेर असते इतकेच. अन्न पचायचे, रोगाशी लढायचे, अंडी घालायची, यांतील प्रत्येक कामाला त्या चुलीची निराळी आच लागते.

९/
म्हणून लेपर्ड गेकोच्या घरात पहिली खरेदी थर्मोस्टॅटची असावी, पेटी त्यानंतर. एका पालीला साधारण ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच पेटी पुरते. एका टोकाला सपाट फरशी किंवा चपटा दगड. त्याचा पृष्ठभाग ३२ ते ३५ अंश सेल्सिअस. दुसरे टोक २२ ते २५ अंशांच्या आसपास. रात्री सगळेच थोडे उतरले तरी चालते, कारण सॉल्ट रेंजमध्येही उतरते. ही पाल संधिप्रकाशात बाहेर पडते आणि दिवसभर तापलेल्या दगडाची ऊब पोटाने शोषून घेते. म्हणून दगडाला महत्त्व. थर्मोस्टॅटशिवाय लावलेली तापपट्टी मात्र तेच पोट भाजते. अशी भाजलेली पाल ओरडत नाही, नुसती खाणे सोडते.

१०/
पालीच्या जमिनीची पहिली नीट ओळख झाली ती एका अमेरिकन डॉक्टरमुळे. शर्मन मिंटन १९५८ ते १९६२ या काळात कराचीत वैद्यकीय संस्थेत शिकवीत होता. फावल्या वेळात त्याने सिंध-बलुचिस्तानचे साप आणि पाली धुंडाळल्या. १९६६ मध्ये पश्चिम पाकिस्तानच्या सरीसृपांवरचा त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या पालीविषयी लोकांची धारणा तेव्हा भयंकर होती आणि आजही फारशी बदललेली नाही: ही चावली की माणूस पाणी मागत नाही! तिच्या तोंडात विषाचा थेंबही नाही. पण या भीतीने तिचे थोडे रक्षणच केले असावे. दगडाखाली दिसली की लोक मागे सरत, किंवा दुरून दगड मारीत; पकडून पिशवीत घालणारे थोडेच.

११/
पिशवीत घालणारे आले ते १९६०-७० च्या दशकांत. पाकिस्तानातून या पाली युरोप-अमेरिकेतील दुकानांत जाऊ लागल्या. स्वस्त, शांत, दिसायला देखण्या. पेट्या भरून येत आणि बऱ्याच महिन्या-दोन महिन्यांत मरत. पाळणाऱ्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. पण एक मेली की दुसरी आणणे सोपे होते. ‘ती वाळवंटातली आहे’ एवढ्या एका वाक्यावर तिचे घर मांडले जाई: तळाला सुटी वाळू, वर प्रखर दिवा, एक सुकलेला ओंडका.

१२/
या एका वाक्याने किती पाली मेल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. सॉल्ट रेंज म्हणजे वाळूच्या टेकड्या नव्हेत. ते चुनखडी, जिप्सम, चिकणमाती आणि खडी यांचे खडबडीत डोंगर आहेत. आपल्याकडच्या मुरमाड माळाचे चुलतभाऊ म्हणा. पाय ठेवला तर जमीन घट्ट लागते. सुट्या वाळूवर भक्ष्यावर झडप घालताना पाल वाळूही गिळते. ज्या पालीला कॅल्शियम कमी पडते ती तर मुद्दाम चाटते. आतडे तुंबते. यावर बाजाराने शोधलेला उपाय म्हणजे कॅल्शियमची वाळू! ती चवीला बरी लागते म्हणून आणखी खाल्ली जाते. व्यापाराच्या इतिहासात इतका उफराटा माल क्वचितच खपला असेल.

१३/
पिलांना आणि नव्याने आणलेल्या पालीला तळाशी साधा कागद बरा: विष्ठा दिसते, पोट कळते. प्रौढ, निरोगी पालीला माती, थोडी वाळू आणि चिकणमाती यांचे दाबून बसविलेले मिश्रण, त्यावर चपटे दगड. दगड आधी पेटीच्या तळावर टेकवावा आणि मग माती भरावी. मातीवर ठेवलेला दगड पालीने खाली उकरल्यास तिच्यावरच बसतो.

१४/
मरणाच्या या साखळीतून बाहेर पडण्याची वाट दोन ठिकाणी सापडली. एक, प्राणिसंग्रहालयात. सिएटलच्या वुडलँड पार्क झूमधील अर्नी वॅग्नर याने १९७४ मध्ये तेथील पालींच्या प्रजननाची नोंद प्रसिद्ध केली. मादी एका वेळी बहुधा दोन मऊ कवचाची अंडी घालते. ओलसर माध्यमात आणि योग्य उबेत ती दीड ते अडीच महिन्यांत फुटतात. बाहेर येणारे पिलू ठिपक्यांचे नसते; त्याच्यावर पिवळे-काळे आडवे पट्टे असतात. ठिपके वाढत्या वयात उमटतात.

१५/
दुसरे ठिकाण तर कोणाच्या ध्यानीमनी येणार नाही: लंडनच्या सेंट टॉमस हॉस्पिटलची प्रयोगशाळा. इयन व्हिम्स्टर हा त्वचारोगांचा अभ्यासक. माणसाच्या कातडीवर डाग ठराविक जागीच का उमटतात, हा त्याचा प्रश्न. पट्ट्यांचे ठिपके करणारी ही पाल त्याला आयतीच मिळाली. ‘ठिपकेदारपणाच्या प्रश्नाकडे प्रयोगातून पाहणे’ अशा अर्थाच्या मथळ्याचा त्याचा निबंध १९६५ मध्ये निघाला. ठिपके मांडण्यात मज्जातंतूंचा हात असावा असा त्याचा कयास होता. प्रयोग वर्षानुवर्षे चालवायचे तर पाली जगल्या पाहिजेत. १९७९ मध्ये जेनी-कुणी दुकानदाराने नव्हे, तर थॉरोगुड आणि व्हिम्स्टर यांनी प्रयोगशाळेतील प्राणी म्हणून लेपर्ड गेकोची देखभाल आणि पैदास यांवर लेख लिहिला. तिच्या संगोपनावरचे आरंभीचे गंभीर लेखन असे रुग्णालयातून आले, ही गोष्ट मला फार आवडते.

१६/
पैदास जमली आणि एक कोडे समोर आले. काही उबवणपेट्यांतून सगळ्या माद्याच निघत. १९६६ मध्ये मादलेन शार्निए या फ्रेंच संशोधिकेने डकारमध्ये एका सरड्यावर काम करून दाखविले होते की अंड्याच्या तापमानाचा पिलाच्या लिंगाशी संबंध असतो. तेव्हा फारशा कोणी लक्ष दिले नाही. १९८० मध्ये वॅग्नरने लेपर्ड गेकोतही हेच असल्याचे नोंदविले. २६ अंशांवर जवळजवळ सर्व माद्या. साडेबत्तीसच्या आसपास बहुसंख्य नर. ३४ च्या वर पुन्हा बहुतेक माद्या. १९८८ मध्ये टेक्सास विद्यापीठातील गुट्झकी आणि क्रूज यांनी ‘नेचर’मध्ये पुढचा टप्पा मांडला: अधिक उष्णतेत उबलेल्या माद्यांची वागणूकही निराळी, अधिक आक्रमक. अंड्यातील दोन-चार अंशांचा फरक मोठेपणीच्या स्वभावापर्यंत पोहोचतो.

१७/
आता ताटाकडे. ही पाल पाला खात नाही, फळ खात नाही. तिला जिवंत किडे लागतात. अमेरिकेत मासेमारीच्या गळाला लावण्यासाठी रातकिडे पाळणाऱ्यांचा धंदा आधीच चालू होता, तोच पुढे पाळीव सरड्या-पालींचा अन्नदाता झाला. पोट भरले, पण हाडे वाकू लागली. जबडा रबरासारखा मऊ, पाय धनुष्यासारखे: माणसांच्या मुलांतील मुडदूसच. रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, हे त्याचे कारण. १९८९ मध्ये मेरी अ‍ॅलन आणि ओलाव ऑफ्टेडाल यांनी दाखविले की किड्यालाच आधी कॅल्शियमयुक्त खुराक दिला तर त्याच्या पोटातून ते पालीपर्यंत पोहोचते. म्हणजे पालीचे जेवण एक-दोन दिवस आधी किड्याच्या ताटात रांधायचे. जोडीला किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. आणि एक लहानशी वाटी पूड पेटीच्या कोपऱ्यात.

१८/
कॅल्शियम रक्तात जायचे तर ड जीवनसत्त्व हवे. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की याने १९१९ मध्ये अतिनील दिव्याखाली मुडदुसाची मुले बरी केली होती. प्रॉक्टरच्या खास काचेमागे हाच विचार होता. तरीही लेपर्ड गेकोच्या बाबतीत दीर्घकाळ सांगितले जाई: ही रात्रीची पाल, हिला अतिनील किरण कशाला? पुडीतून ड जीवनसत्त्व द्या, पुरे. हा सल्ला अगदी खोटा नव्हता. पुडीवर पाली वर्षानुवर्षे जगल्या. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रोज फक्त दोन तास अतिनील प्रकाश मिळालेल्या पालींच्या रक्तात ड जीवनसत्त्वाचे प्रमाण स्पष्टपणे वाढलेले दिसले. पहाटे आणि सायंकाळी कपारीतून अर्धे अंग बाहेर काढून बसणाऱ्या प्राण्याला तिरपे ऊन मिळतच असते. म्हणून आता सौम्य अतिनील नळी आणि तिच्यापासून दूर जाता येईल अशी गडद सावली, दोन्ही सुचविले जाते. नळी असेल तर पुडीतील ड जीवनसत्त्व त्या मानाने बेताने. ते जास्त झाले तरी घातकच.

१९/
पाण्याची गोष्ट सर्वांत उशिरा उमगली. वाळवंट म्हणजे कोरडे, कोरडे म्हणजे पाणी नको, असा हिशेब. पण कात टाकताना पालीला ओलावा लागतो. तो नसला तर बोटांच्या टोकांवर जुनी कात आवळून बसते, रक्त थांबते आणि बोट गळते. जुन्या फोटोंतील कितीतरी पालींची बोटे खुंटलेली दिसतात; पाहणाऱ्याला वाटते, जातच तशी असेल. रानात ती दुपारभर दगडाखालच्या किंवा बिळातल्या दमट गारव्यात असते. त्यावरून आले ‘ओले बीळ’: झाकणाच्या डब्याला वाटोळे भोक, आत ओलसर शेवाळ किंवा नारळाचा भुसा. बाकी पेटीतील आर्द्रता ३० ते ४० टक्के, त्या डब्यात मात्र दमट. म्हणजे लपायच्या जागा तीन: एक उबेत, एक गारव्यात, एक ओल्यात. हा डबा घरच्या घरी पाच मिनिटांत होतो, आणि माझ्या मते दुकानातल्या साऱ्या सजावटीपेक्षा त्याची किंमत अधिक आहे.

२०/
एवढे मांडल्यावर रोजचे काम थोडेच उरते. सकाळी दिवा लावणे, पाणी बदलणे, विष्ठा उचलणे; ही पाल बहुधा एकच कोपरा शौचालय म्हणून निवडते, त्यामुळे शोधाशोध नाही. जेवण संध्याकाळी. पिलाला रोज, प्रौढाला दोन-तीन दिवसांआड. किडा तिच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा. उरलेले रातकिडे काढून घ्यावेत, रात्री तेच पालीला चावतात. अंगणातले किडे देऊ नयेत. त्यांच्यावर कोणते औषध फवारले आहे कोणास ठाऊक. कात टाकल्यावर बोटे तपासावीत. महिन्यातून एकदा वजन करून वहीत लिहावे. शेपटीत चरबी साठते, ती बारीक होऊ लागली तर डॉक्टर गाठावा. हात आधी आणि नंतर साबणाने धुवावेत, कारण साल्मोनेला जंतू दिसत नाहीत. रात्री अंधार हवा, लाल दिवाही नको. आणि पेटीत एकटीच ठेवावी. “तिला करमणार नाही” ही आपली भावना. दोन नर एकत्र आले तर रक्त निघते आणि दोघींतली दुबळी असते ती नुसती उपाशी राहते.

२१/
पुस्तकांतले बरेच आकडे थंड देशांत लिहिले गेले आहेत, हेही ध्यानात असू द्यावे. तेथे प्रश्न तापविण्याचा असतो. विदर्भातल्या मे महिन्यात प्रश्न उलटा: खोलीच ४० अंशांवर गेली तर गार बाजू आणायची कोठून? आणि कोकणातल्या आषाढात हवेतील ओलावा इतका की कोरडी पेटी कोरडी राहत नाही, पालीला श्वसनाचा त्रास होतो. तेथे हवा खेळती ठेवणे हेच मुख्य काम.

२२/
घर सुधारले, पण याच काळात दुसरे एक वळण आले. रानातली पाल पिवळसर-करडी. १९९० च्या दशकात अमेरिकन पैदासकारांनी अधिक पिवळ्या, ठिपकेहीन, नारिंगी, वर्णहीन अशा पाली निवडून निवडून वाढविल्या. एकेका नव्या रंगाला नाव आणि मोठी किंमत. २००० नंतर आलेल्या ‘एनिग्मा’ नावाच्या रंगप्रकारातील कित्येक पाली तोल जाऊन गोल गोल फिरत, भक्ष्यावर नेम चुकत. त्यानंतर ‘लेमन फ्रॉस्ट’ आला: लिंबासारखा तजेलदार पिवळा, त्यावर बर्फाची झाक. थोड्याच वर्षांत त्यांच्या कातडीवर पांढऱ्या गाठी दिसू लागल्या. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी कारण शोधले: ‘स्पिंट १’ या जनुकाशी निगडित दोष. या रंगाच्या ८० टक्क्यांहून अधिक पालींना अर्बुदे होत होती. ज्या झळाळीसाठी पैसे मोजले जात, ती झळाळी आणि ते अर्बुद एकाच पेशींच्या अनावर वाढीतून येत होते. व्हिम्स्टरने १९६५ मध्ये ठिपक्यांविषयी विचारलेला प्रश्न असा छप्पन्न वर्षांनी रुग्णालयाच्या दारी परत आला.

२३/
आणि मूळ जमिनीवर काय चालले होते? २०१० च्या दशकात पाकिस्तानात अफवा पसरली की मोठ्या आकाराच्या लेपर्ड गेकोपासून दुर्धर रोगांवर औषध होते आणि तिला लाखो रुपये मिळतात. औषध नव्हतेच. पण ज्या पालीला विषारी म्हणून लोक टाळीत, तिच्यामागे आता पिशव्या घेऊन फिरू लागले.

२४/
या कथेत आपलेही काही आहे. महाराष्ट्र आणि गुजरातेत तिची सख्खी नातलग ‘युब्लेफॅरिस फुस्कस’ राहते. पूर्वी तिला सॉल्ट रेंजच्या पालीचाच एक प्रकार समजत. २०१४ मध्ये झीशान मिर्झा, राजेश सानप आणि सहकाऱ्यांनी सातपुड्यातून ‘युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस’ ही नवी जात वर्णिली. २०२२ मध्ये लेपर्ड गेकोच्या उत्क्रांतीवर एक महत्त्वाचा शोधनिबंध आला. मथळ्यातच तिला ‘अपघाताने आदर्श ठरलेला प्राणी’ अशा अर्थाने संबोधिले आहे. त्याच्या लेखकांत वरद गिरी आणि अक्षय खांडेकर ही महाराष्ट्रातील सरीसृप-अभ्यासाला परिचित नावे आहेत. १८५४ मध्ये सुटलेला धागा, म्हणजे ही पाल रानात कोठे, कशी, कोणाच्या शेजारी राहते, तो आता नीट हाती येऊ लागला आहे.

२५/
पाळण्याचा विचार मनात असेल तर दोन गोष्टी. आधी वनखात्याकडून नियम समजून घ्यावा. या कुळातल्या पाली आपल्या देशात रानात आहेत, त्यामुळे ‘परदेशी पाळीव प्राणी’ म्हणून सोडून देण्याइतका हा विषय सोपा नाही. दुसरे, वर्षे मोजावीत. नीट सांभाळलेली पाल पंधरा-वीस वर्षे जगते. दहावीत आणलेले पिलू तुमच्या पस्तिशीतही रातकिडे मागत असेल.

२६/
आणि पाळायची नसली तरी भेट होऊ शकते. पहिल्या पावसानंतर माळावर फिरायला जाणाऱ्यांनी कधी चपटा दगड उचलला आणि खाली जाड शेपटीची, पापण्या मिटून घेतलेली पाल दिसली, तर तिला हात लावू नये, काठीने डिवचू नये. ती बाजूला सरकेपर्यंत थांबावे आणि दगड होता तसाच, त्याच बाजूने, हलके परत टेकवावा. त्याच्या खालची ओल उन्हाने उडायला फार वेळ लागत नाही.